आयडी देणारा भाऊ

सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषक सुरू झाला, तेव्हा भारतीय खेळाडूंच्या जर्सीवर प्रायोजकाची जागा कोरी होती. दोन वर्षे तिथे ‘ड्रीम ११’ या पैशांच्या खेळाच्या ॲपचे नाव झळकत होते. २० ऑगस्टला लोकसभेने आणि २१ ऑगस्टला राज्यसभेने ऑनलाइन गेमिंगचे विधेयक मंजूर केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे, या कायद्याने बेकायदा ठरवले. मोठ्या देशी कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

जर्सीवरचे नाव काढायला एक पत्र पुरले. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या देसाईगंज, बल्लारपूर, घुग्घुस, आलापल्ली अशा ठिकाणी ज्या पोरांनी ही ॲपे मित्रांच्या, भाच्यांच्या, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या मोबाइलमध्ये नेऊन बसवली, त्यांचे काय झाले? त्यांचा धंदा बसला की त्यांनी नुसती पाटी बदलली? संसदेत आणि वाहिन्यांवर चर्चा झाली ती कंपन्यांची, त्यांच्या गुंतवणुकीची आणि बुडालेल्या करांची. या पोरांबद्दल कुणी फारसे बोलले नाही. माझ्या मते सगळा जुगार याच पोरांवर उभा आहे.

इंग्रजीत त्यांना ॲफिलिएट म्हणतात. आपल्याकडे तो ‘आयडी देणारा’. त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान असते, नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे सेंटर, नाहीतर तो गावच्या टेनिस बॉल क्रिकेट संघाचा कॅप्टन असतो. तो बुकी नाही, ॲप त्याचे नाही. ते ॲप कुठल्या देशातून चालते हे त्यालाही माहीत नसते. त्याच्याकडे तीनच गोष्टी असतात: एक लिंक, एक कोड आणि ओळखीपाळखी. संदेशही साधाच असतो. शंभर रुपयांपासून सुरू, पहिल्या भरण्यावर बोनस, चोवीस तास पैसे काढता येतील, ‘आयडी हवी तर भाऊला मेसेज करा’. अनोळखी कंपनीला शंभर रुपये द्यायला गावचा माणूस दहादा विचार करतो. भाऊला देताना करत नाही. भाऊने बहिणीच्या लग्नात पंगत वाढलेली असते.

या भाऊला पैसे कसे मिळतात हे नीट समजून घ्यायला हवे, कारण ज्यांना तो आयडी देतो त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. एक पद्धत माणसामागे ठरलेल्या रकमेची. नवा माणूस आणला, त्याने पहिले पैसे भरले, की इतके रुपये. देशी ॲपांचा रेफरल बोनस साधारण याच जातीचा होता. दुसरी पद्धत परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या ॲपांची, आणि तीच घातक. त्यात भाऊने आणलेला माणूस जितके हरेल, त्या रकमेचा ठरलेला हिस्सा भाऊला मिळतो. या धंद्यात २५ ते ४० टक्के हिस्सा ही नेहमीची भाषा आहे.

त्यासाठी भाऊला मोबाइलवर एक तक्ता मिळतो. खेळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. आज किती जण आले, किती जणांनी पैसे भरले, किती भरले, किती गेले आणि शेवटच्या रकान्यात आपले किती. ‘गेले’चा आकडा वाढला की ‘आपले’चा वाढतो. एखादा पठ्ठ्या खरेच जिंकला, तर त्या दिवशी भाऊचा रकाना उणे होतो. म्हणजे मॅच सुरू असताना दोघे एकाच बाकावर, एकाच मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले असतात, दोघेही ‘मार, मार’ म्हणून ओरडतात, आणि त्यातल्या एकाचा फायदा दुसरा हरण्यात असतो. समजा भाऊने वीस जण आणले आणि प्रत्येकाने महिन्यात दोन हजार घालवले. चाळीस हजारांवर तीस टक्क्यांनी बारा हजार झाले. सिमेंटच्या कारखान्यात किंवा कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे राबणाऱ्या पोराला बारा हजार म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

जुन्या सट्टापट्टीत हे असे नव्हते. १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी रुजवलेला मटका कोळशाच्या पट्ट्यात आणि बाजारगावांत आला, तो पट्टी लिहिणाऱ्याच्या हातातून. पानठेल्यामागे बसून तो आकडे लिहून घ्यायचा आणि जमलेल्या एकूण रकमेवर कमिशन घ्यायचा. तुम्ही जिंकलात काय, हरलात काय, त्याचे कमिशन ठरलेले. उलट कुणाला आकडा लागला तर पट्टीवाल्याचे नाव व्हायचे, गिऱ्हाईक वाढायचे. तो काही पुण्यवान नव्हता, त्यानेही घरे बुडवली. पण गिऱ्हाइकाच्या हरण्यात त्याची भागीदारी नव्हती. पैसा खाणारा तो खायवाड, आणि खायवाड कोण हे गावाला माहीत असायचे. आताचे ॲप सगळ्यात खालच्या पोरालाही खायवाडाच्या पंक्तीला बसवते, आणि तेही त्याच्याच दोस्ताच्या ताटावर.

या भागाला जुगार नवा नाही. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि मंडपाच्या कडेला पेट्रोमॅक्सच्या, आता एलईडीच्या उजेडात झंडीमुंडीचा पट. धान निघाले की जंगलाच्या कडेला कोंबडा बाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला बोटभर लांबीची धारदार लोखंडी काती बांधतात. बांधणारा तरबेज माणूस वेगळा असतो. झुंज कधी मिनिटभरात संपते, आणि तेवढ्या वेळात रिंगणाभोवती नोटा हातोहात फिरतात. पोलिसांची धाड पडली की पंचनाम्यात कोंबडे, कात्या, रोख रक्कम आणि सोडून पळालेल्या दुचाक्या लिहिल्या जातात. कायदा १८८७ चा, मुंबई प्रांताचा जुगार प्रतिबंधक कायदा, जो आज महाराष्ट्राचा म्हणून चालतो. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या झुंजींसाठी त्यात तरतूद आहे, रस्त्यावरच्या जुगारासाठी आहे, जुगाराच्या अड्ड्यासाठी आहे. अड्डा म्हणजे जागा आली. जागा आली की धाड आली, मुद्देमाल आला, पंच आले. मोबाइलमधल्या जुगाराला जागाच नाही, हे या कायद्याला कधी कळणार होते?

त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात केवळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्रच्या एका खटल्यात म्हटले होते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काल्पनिक क्रिकेट संघाच्या खेळाला कौशल्याचा ठरवले. या दोन आधारांवर ॲपांचा सगळा डोलारा उभा राहिला. मग मोठमोठे खेळाडू जाहिरातीत आले. सचिन तेंडुलकरांनी अशी जाहिरात केली म्हणून अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमीचा पट उघडलेली तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. तरी त्यांचे खाते बदलले. ज्या आठवड्यांत रोवणी आणि खताचा प्रश्न ऐरणीवर होता, त्या आठवड्यांत महाराष्ट्र रमीवर बोलत होता.

सिरोंचाला या सगळ्यातला विसंगतपणा डोळ्यांनी दिसत होता. तेलंगणाने २०१७ मध्येच कायदा बदलून कौशल्याची सूट काढून टाकली आणि पैशांची रमी ऑनलाइनही बंद केली. म्हणजे आठ वर्षे गोदावरीच्या अलीकडच्या काठावर, सिरोंचात, जे ॲप राजरोस चालायचे, ते पूल ओलांडून कालेश्वरमला गेले की गुन्हा होता. राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरही तेच. रोटीबेटीचे व्यवहार दोन्हीकडचे, भाषा दोन्हीकडे कळतात. मार्च २०२५ मध्ये हैदराबादच्या मियापूर पोलिसांनी सट्ट्याच्या ॲपांची जाहिरात केली म्हणून तेलुगू चित्रपटातल्या आणि समाजमाध्यमांवरच्या पंचवीस जणांवर गुन्हा नोंदवला. तेलुगू सिनेमा पाहणाऱ्या सिरोंचा-अहेरीत ती बातमी पोचायला वेळ लागला नाही. आयडी देणाऱ्यांनी त्यातून एवढेच घेतले की चेहरा दाखवून जाहिरात करू नये.

हा माणूस प्रत्येक निर्बंधातून काहीतरी शिकत आला आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून सट्ट्याच्या जाहिराती छापू-दाखवू नका म्हणून सूचनांवर सूचना काढल्या, तेव्हा तीच ॲपे ‘क्रीडा बातम्या’ देणारी संकेतस्थळे बनली. नाव तेच, रंग तोच, मागे एक शब्द नवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. देशी ॲपांनी तो भरला, त्यांचे बोनस आटले. परदेशातून चालणाऱ्यांनी भरलाच नाही, त्यांचे बोनस फुगले. लिंक पाठवणाऱ्याने काय करावे अशी अपेक्षा होती? जिकडे हिस्सा जास्त तिकडे तो वळला. कर लावणाऱ्यांचा हेतू हा नव्हता, पण घडले हे. मार्च २०२५ मध्ये जीएसटीच्या गुप्तवार्ता महासंचालनालयाने अशी ३५७ संकेतस्थळे बंद केल्याचे आणि परदेशी जुगार कंपन्यांचा पैसा दुसऱ्यांच्या नावावरच्या बँक खात्यांतून फिरत असल्याचे सांगितले. २०२२ ते फेब्रुवारी २०२५ या काळात केंद्राने अशी स्थळे व ॲपे बंद करण्याचे १,४१० आदेश काढले. एक पत्ता बंद झाला की नावात एखादा आकडा वाढवून दुसरा उभा राहतो, आणि नवा पत्ता गिऱ्हाइकापर्यंत कोण पोचवतो? भाऊच. बंदीचा प्रत्येक आदेश निघाला की भाऊची गरज वाढते. जुने गिऱ्हाईक नव्या दाराशी आणून सोडणे हेच त्याचे खरे काम झाले आहे.

हे दूरचे प्रकरण नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा घातला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती की गोंदियातल्या ओळखीच्या माणसाने त्याला ऑनलाइन जुगाराचा नाद लावला आणि त्यात ५८ कोटी रुपये गेले. सुरुवात व्हॉट्सॲपवर आलेल्या एका लिंकने झाली होती. लिंक उघडली तर खात्यात आठ लाख आधीच जमा. घरातून आणि लॉकरमधून कोट्यवधींची रोकड आणि किलोकिलोने सोने निघाले. गोंदियातून निघालेली रेल्वे वडसा, नागभीड करत बल्लारशाहला येते. याच मार्गावर आपले तांदळाचे व्यापारी, बियाणे विकणारे, लाकडाचे ठेकेदार ये-जा करतात. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगड, आणि तिथे भिलाई. महादेव या सट्ट्याच्या ॲपचे जाळे तिथल्या पोरांनी उभे केले. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार दुबईत बसलेले प्रवर्तक ‘पॅनल’ वाटायचे आणि नफा ७०-३० असा वाटला जायचा. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने महादेवसह २२ ॲपे आणि स्थळे बंद केली. तोवर मास्टर आयडी, सुपर मास्टर, पॅनल हे शब्द पूर्व विदर्भातल्या चहाच्या टपऱ्यांवर रुळले होते. खाली आयडी देणारा, वर मास्टर, त्याच्या वर सुपर मास्टर. वरचा कोण हे खालच्याला फक्त एका फोन नंबरपुरते माहीत.

आता नवा कायदा. त्यातली तीन कलमे आपल्या कामाची. पाचवे कलम असा खेळ देऊ करणाऱ्यासाठी आहे. त्यात मदत करणे, चिथावणे, भरीस पाडणे हेही धरले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड एक कोटीपर्यंत. सहावे जाहिरातीसाठी, दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. सातवे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यासाठी, पुन्हा तीन वर्षे आणि एक कोटी. पाचव्या आणि सातव्या कलमाखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. सहाव्याला ही कडक तरतूद लावलेली नाही. आणि खेळणाऱ्याला शिक्षाच नाही. तो बळी आहे असे सरकारने स्पष्ट सांगितले. देशात ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये अशा खेळांत घालवतात, असा सरकारचा अंदाज संसदेपुढे आला होता. त्या ४५ कोटींना गुन्हेगार ठरवायचे नाही, ही भूमिका मला योग्य वाटते.

पण आयडी देणारा यांतल्या कोणत्या कलमात बसतो? लिंक पाठवली म्हणून तो जाहिरात करणारा धरला, तर ती कडक तरतूद लागत नाही. भरीस पाडले म्हणून पाचव्यात धरला, तर सरळ कोठडी. स्वतःच्या यूपीआयवर दोस्ताचे पैसे घेऊन पुढे पाठवले, तर सातवे. ठाण्यातल्या हवालदाराने काय लिहायचे, यावर त्या पोराची तीन वर्षे अवलंबून आहेत. आणि पोराचा बचाव तयारच आहे. साहेब, मी तर फक्त खेळतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. त्याचे कमिशन त्याच ॲपच्या पाकिटात जमा होते, आणि तिथून ते पुढच्या मॅचवर लागते. ॲप उघडताच प्रत्येक खेळणाऱ्याला स्वतःचा रेफरल कोड मिळतो. दोन हजार हरलेला माणूस ते भरून काढायला दोन दोस्तांना कोड पाठवतो. त्या क्षणी तो कायद्याच्या लेखी बळीही असतो आणि आरोपीही. कायद्याने बळी आणि दलाल यांच्यात रेघ ओढली आहे, ॲपने ती कधीच पुसून टाकली आहे. मला या कायद्याची सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते, आणि त्यावर पोलीस शिपायाला कुणीही उत्तर दिलेले नाही. कंपन्यांनी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत घातलेल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. तिथला वाद कौशल्याचा, व्यवसायस्वातंत्र्याचा आणि केंद्र-राज्याच्या अधिकारांचा आहे. खालच्या पोराचा प्रश्न त्यात येईल असे दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ नंतर या पोरांच्या वाटा फुटल्या. ‘आजची टीम’ देणारे आधी घ्या. टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर ते कॅप्टन कोण, व्हाइस कॅप्टन कोण, ग्रँड लीगला कोणता संघ लावायचा हे सांगायचे. देशी ॲपे बंद झाली आणि त्यांचे उत्पन्न एका दिवसात थांबले. यांतले काही खरोखर थांबले. पण वाहिनी होती, हजारो सभासद होते, रोज काहीतरी टाकायची सवय होती. वाहिनीचे नाव बदलले, चित्र बदलले, आणि क्रिकेटच्या जागी शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या टिपा आल्या. सेबीने जुलै २०२५ मध्ये सांगितले की २०२४-२५ या वर्षात फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले. म्हणजे गिऱ्हाईक तेच, हरणेही तेच, आणि खाते उघडून देण्याचा मोबदला इथेही आहे. दुसऱ्या काहींनी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांच्या लिंक धरल्या. कालच्या मॅचमध्ये बुडालेल्याला आज कर्जाची लिंक पाठवणारा तोच असतो.

आयडी देणारे मात्र जागचे फारसे हलले नाहीत. त्यांचा धंदा आधीपासूनच बेकायदा होता, नव्या कायद्याने त्यांना नवे काही सांगितले नाही. त्यांनी उघडे गट बंद केले, खासगी केले. स्टेटसवर लिंक टाकणे सोडून तोंडी सांगणे सुरू केले. यूपीआयचा माग राहतो हे कळल्याने रोख घेणे वाढले. रोख आली की उधारी आली, उधारी आली की वसुली आली. म्हणजे मोबाइलमधला जुगार फिरून जुन्या खायवाडीवर येऊन ठेपतो आहे. फरक एवढाच की जुन्या खायवाडीत दिवसाला दोन आकडे निघायचे, इथे दर चेंडूला भाव बदलतो.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती खाते भाड्याने देणाऱ्यांची. कॉलेजातला पोरगा, शिष्यवृत्तीसाठी काढलेले शून्य शिलकीचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी महिन्यासाठी दिले, त्याचे काही हजार मिळाले. पुढे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सायबर ठाण्यातून नोटीस येते, खाते गोठते. नव्या कायद्याच्या सातव्या कलमाचा फास आधी याच पोराच्या गळ्यात पडण्याची भीती आहे, सुपर मास्टरच्या नाही. गडचिरोलीत बँकेची शाखा कित्येक गावांपासून तासन् तास दूर आहे. तिथे एकाच्या खात्यात चौघांचे पैसे येणे ही जुनी सोय आहे, गुन्हा वाटण्यासारखी गोष्टच नाही. तेच खाते धानाच्या चुकाऱ्याचे, तेच तेंदूच्या मजुरीचे. खाते गोठले की घरचा धान विकलेला पैसाही अडकतो.

तेंदूचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फडीवर मोजून द्यायचे. घरातली म्हातारी, सून, शाळकरी मुले सगळी बांधायला बसतात. काही आठवड्यांच्या या कामात वर्षाचा मोठा रोख पैसा हातात येतो. आयपीएलही त्याच दिवसांत संपत आलेली असते. ज्या घरात चार जणांनी मिळून बांधलेले पुडे, तिथे पैसे जमा होतात एकाच्या खात्यात, आणि त्या खात्याचा मोबाइल असतो घरातल्या तरुण पोराच्या हातात. म्हातारीने दिवसभर बांधलेले पुडे एका षटकात जाऊ शकतात, आणि तिला कळतही नाही, कारण कमी झालेला आकडा तिला वाचता येत नाही.

बंदी आली की मधला माणूस काय करतो, याचा या दोन जिल्ह्यांइतका अनुभव महाराष्ट्रात क्वचितच कुणाला असेल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायका श्रमिक एल्गार संघटनेच्या झेंड्याखाली डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी आली. मे २०२१ मध्ये ती उठवली गेली. त्या सहा वर्षांत दारू पोचवणारा एक नवा वर्ग तयार झाला. दुचाकीवर पेट्या नेणारी पोरे, त्यांच्यावर गाडीवाला, त्याच्यावर पैसा लावणारा. धाडीत सापडायचा तो दुचाकीवाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये, ऐन दिवाळीत, नागभीड ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारूची वाहतूक करणाऱ्या गाडीने चिरडले. बंदीचा कागद आणि त्याची अंमलबजावणी यांच्यातल्या अंतराची किंमत या जिल्ह्याने अशी मोजली आहे.

म्हणून बंदी फसली असे म्हणून मोकळे व्हायला मी तयार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेने गावागावांत जे केले, त्यात एक गोष्ट दिसते. जिथे दारू थांबली, तिथे गावाने विकणाऱ्याचे नाव सभेत उच्चारले. बायका त्याच्या दारात गेल्या, माल काढून नष्ट केला, पुन्हा विकली तर दंड ठरवला. पोलीस नंतर आले. विकणारा गावातलाच, कुणाचा तरी दीर, कुणाचा तरी भाचा. तरी नाव घेतले गेले.

आयडी देणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही, कारण तो काय विकतो हे बायकांना दिसत नाही. दारूचा वास येतो, बाटली सापडते, नवरा झोकांड्या खात येतो. इथे पोरगा खाटेवर शांत पडून मोबाइल बघत असतो. घराला कळते ते दुचाकी गहाण पडल्यावर, बचत गटाचा हप्ता चुकल्यावर, नाहीतर त्याहून वाईट काही घडल्यावर. आणि हरलेला पोरगा भाऊचे नाव सांगत नाही, कारण भाऊ आपल्या बाजूचा आहे असेच त्याला शेवटपर्यंत वाटत असते. भाऊच्या मोबाइलमधला तो तक्ता जर एकदा गावासमोर उघडला, तर हे वाटणे टिकणार नाही. पोलिसांनी जनजागृतीच्या फलकांवर ‘जुगार वाईट’ लिहिण्याऐवजी तो रकाना छापावा. तुम्ही हरलात त्यातले इतके रुपये ज्याने लिंक दिली त्याला गेले, एवढेच लिहावे. शिक्षेच्या आकड्यांपेक्षा हे वाक्य जास्त काम करील अशी माझी खात्री आहे.

पोलिसांकडून दुसरी अपेक्षा अशी की गुन्हा नोंदवताना पायरी बघावी. वीस जणांना आयडी देणारा आणि दोनशे जणांना आयडी ‘वाटायला देणारा’ यांना एका मापाने मोजू नये. खालच्या पोराला साक्षीदार होण्याची वाट ठेवली, तर वरचा फोन नंबर मिळेल. ती ठेवली नाही, तर दारूच्या दुचाकीवाल्यांसारखे खालच्या पोरांचेच खटले वर्षानुवर्षे चालतील आणि मास्टर नवे पोरगे शोधील. ते त्याला अवघड नाही. बारा हजारांची नोकरी शोधणारी पोरे इथे भरपूर आहेत.

आणि जो अडकला आहे, जो रात्री तीनला उठून कुठल्या तरी परदेशी लीगवर पैसे लावतो, त्याच्यासाठी कुठे दार आहे? जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. मुक्तिपथची तालुक्याला दारूच्या व्यसनासाठी उपचाराची सोय आहे, तिथे जुगाराचा प्रश्नही विचारला जावा. १४४१६ हा केंद्राच्या टेलिमानस सेवेचा फुकटचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. पैसे फसवून नेले असतील तर १९३०. हे दोन आकडे प्रत्येक ऑनलाइन सेंटरच्या काउंटरवर चिकटवलेले असावेत, कारण आयडी मिळण्याची जागा बऱ्याचदा तीच असते.

राहिला गावाचा भाग. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला, आदिवासींना दिल्या जाणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रणाचाही दिला. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरमधल्या राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांतली गावे त्यात येतात. जुगाराचा शब्द त्या कलमात नाही. पण हरलेल्याला गावात पैसे कोण देतो, किती व्याजाने देतो, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आजच आहे, आणि तो धागा ओढला की बऱ्याच ठिकाणी आयडी देणाऱ्यापर्यंतच पोचतो. मेंढा-लेखा गावाने बांबू स्वतः विकला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले आणि पाळले. ही गावे असे निर्णय, अगदी पैशावर पाणी सोडण्याचेही, सर्वांच्या संमतीने घेऊ शकली. दरवर्षी २६ जानेवारीला मोठी ग्रामसभा भरते. गावातल्या कुणाचे बँक खाते दुसऱ्याच्या हातात आहे, ही एक ओळ विषयपत्रिकेत घ्यायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला वरून कुठलाही आदेश लागत नाही. त्या सभेला बचत गटाच्या बायका हजर असतील हे आधीच बघायला हवे, कारण तेंदूचे पुडे त्यांनी बांधलेले आहेत.